दत्तोबांना लावलेली धून

शेळगाव, ता. इंदापूर
मळ्यातून

श्रीमान दिग्विजयराव, फ्लेक्स व व्हिडिओवाले, बारामती, यांच्या सेवेशी शेळगावच्या युवराजचा लांबूनच रामराम.

आपण सहकुटुंब खुशाल असालच, तुमच्या धंद्याला मंदी नसते. वहिनींच्या गुडघ्याला आता आराम पडला असावा. काटेवाडीला तुमच्या आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, त्यांना साष्टांग नमस्कार सांगा, त्यांच्यावर माझा काही राग नाही. आमच्याकडे तीर्थरूप आबा, सौ. रेश्मा आणि जनावरं मजेत आहेत. मी जिवंत आहे. हे मुद्दाम कळवतोय, कारण तालुक्यात त्याबद्दल दोन मतं आहेत आणि त्यातलं दुसरं मत तुमच्या दुकानातून बाहेर पडलंय.

बारामतीत कॉलेजला असताना एका खोलीत राहून आपण एका स्टोव्हवर भात करपवला, तेव्हापासून मी तुम्हाला अरे-तुरे करतो हे मला आठवतं. पण आमच्या घराण्यात माणूस फार रागावला की समोरच्याला अहो-जाहो करतो. (आबांनी मला जन्मात एकदाच 'युवराजराव' म्हटलं, उसाच्या पाण्याची पाळी मी झोपेत घालवली तेव्हा. त्यानंतर आठवडाभर मला घरात जेवण गोड लागलं नाही.) पत्र कशाला, फोन का नाही, असं विचाराल तर तुमचा नंबर मी ब्लॉक केलाय आणि तो परत कसा उघडायचा ते मला येत नाही. म्हणून हे पाकीट डेअरीच्या टँकरवाल्याकडं दिलंय. पाकिटाला दुधाचा वास आला तर तो जुन्या मैत्रीचा समजू नये.

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणजे येईन. तुम्ही मला अर्ध्या मिनिटात गुंडाळायची सवय लावून घेतलीय, म्हणून आज मी सावकाश बोलणार आहे.) हे सगळं सुरू झालं तुमच्याच दुकानात. मी कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला आलो होतो, फ्लेक्स वाळायचा होता, आणि बसल्या बसल्या मी तुम्हाला म्हणालो की कॉलेज सुटल्यापासून मी गिटारवर दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या लग्नात वाजवतोय, आणि कडव्याच्या मध्यावर कुणीतरी जिलबी घेऊन येतो की सगळ्या मांडवाची तोंडं तिकडं वळतात. आता बास. आता एक वर्षभर, दर बाजाराच्या दिवशी, एक नवी धून. स्वतःच्या डोक्यातली, एका बैठकीत रेकॉर्ड केलेली. चॅनेलवर टाकायची आणि मागं वळून बघायचं नाही. लग्न असो, मयत असो, एक बाजार चुकवायचा नाही. तुम्ही कात्रीनं फ्लेक्सची कड कापत म्हणालात, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. मी म्हणालो, बघ. मला त्यातून नाव काढायचं नव्हतं. आमच्या शेळगावात नाव काढायला दुसरे लोक आहेत आणि त्यांचे फ्लेक्स तुम्हीच छापता. मला एवढंच पाहिजे होतं की माझ्या डोक्यातून निघालेली एक धून एका तरी माणसानं, जागचं न उठता, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी. एक माणूस. फार मागतोय असं मला त्या वेळी वाटलं नाही.

बाजाराचा दिवस मी का धरला, तर त्या दिवशी घर मोकळं असतं. पण घर मोकळं असलं तरी गाव मोकळं नसतं. माडीवर बसलो तर खालून उसाचे ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या ऊस आणि चार भोंग्यांवर गाणी, माझ्या एकेका सुरावर त्यांचा एकेक गतिरोधक. डेअरीच्या खोलीत बसलो (तिथं मी सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट मोजतो, किल्ली माझ्याकडंच असते) तर फॅटचं मशिन बंद केलं तरी आतून घुमतं, आणि त्यानं माझी पहिली धून अशी काही बिघडवली की रेश्मानं ऐकून विचारलं, बोअरची मोटार जळली का. शेवटी जागा सापडली ती मुरघासाच्या खड्ड्यात. मक्याचा हिरवा चारा कापून ज्या सिमेंटच्या खड्ड्यात आपण दाबून ठेवतो, तो रिकामा झाला की आत इतकी शांतता असते की स्वतःचा श्वास ऐकू येतो. आवाज गोल होऊन परत येतो. फक्त वास आंबट. वर्षभर माझ्या अंगाला, गिटारला आणि गिटारच्या पिशवीला तो वास होता. मी गोठ्यात शिरलो की गाई माना वर करून बघायच्या, त्यांना वाटायचं वैरण आली. मला बघून कुणाला तरी आनंद झाला, असं त्या वर्षात एवढंच.

आबांचं म्हणाल तर त्यांनी विरोध केला नाही. विरोध करायला आधी ऐकावं लागतं. ते खड्ड्याच्या कडेला काठी टेकून उभे राहायचे, मी सुरू केलं की थोडं थांबायचे, आणि "पाणी बघून येतो" म्हणून निघून जायचे. वर्षभर आमच्या उसाचं पाणी एवढं बघितलं गेलं की एकरी उतारा वाढला. रेश्मा ऐकायची, पण हातात काहीतरी काम घेऊन, आणि कुकरची शिट्टी झाली की धावायची. तुम्ही ऐकायचात का? मला वाटायचं, ऐकत असाल. चॅनेलवर दर धुनेखाली तुमचा एक अंगठा असायचा. पुढं कळलं की तो अंगठा तुम्ही जेवताना, दुसऱ्या हातानं दाबत होतात.

आणि मग ती धून. आमची काळी गाय अडली होती. डॉक्टर निमगावला दुसऱ्या गाईत अडकलेले. सकाळी दूध घालून मी आलो तेव्हा सगळं घर गोठ्यात उभं होतं. आबांनी हाताला तेल लावलं, आत हात घातला, आणि जे काही व्हायचं ते होईपर्यंत आम्ही नुसते उभे. मग कालवड बाहेर आली, शिंकली, उठली, पडली, परत उठली, आणि पाय नीट सुटे झाल्यावर सगळ्या गोठ्यात अशी उंडारली की रेश्मानं पदर तोंडाला लावून हसून घेतलं. त्याच आठवड्याच्या बाजारी मी खड्ड्यात बसून ते वाजवलं. आधी तो थांबलेला वेळ. एकेक तार, लांब लांब, कारण तेव्हा आमचा श्वासही तसाच चालला होता. आणि मग ते उठणं, पडणं, उंडारणं. माझी बोटं एवढी पळाली की मलाच कळेना कुठून आलं हे. नाव दिलं 'कालवड'. वर्षभरात मला स्वतःला आवडलेली ती एकच धून. ती चॅनेलवर टाकायच्या आधी मी तुम्हाला पाठवली.

त्याच सुमाराला पळसदेवचे दत्तोबा गेले. भला माणूस, मच्छीमारांच्या सोसायटीचे जुने चेअरमन, ओळख नसणाऱ्यालाही मासे द्यायचे. त्यांच्या पोरांना श्रद्धांजलीचा व्हिडिओ पाहिजे होता, लगेच पाहिजे होता. गाजलेलं गाणं लावलं की इंटरनेटवाले आवाज बंद करतात, म्हणून तुम्ही माझी धून उचललीत. मित्राची वस्तू, विचारायचं काय. आणि स्टेटसला अर्धा मिनिट बसतं म्हणून तुम्ही ती अर्ध्या मिनिटावर कापलीत. म्हणजे कुठं, तर कालवड बाहेर यायच्या आधी. दत्तोबांचा फेट्यातला फोटो, खाली हलणारी समईची ज्योत, वरून पाकळ्या, आणि मागं आमची गाय अडलेली.

मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी पहाटे डेअरीवर दूध घालायला आलेल्या एकेकाच्या खिशातून माझी धून वाजायला लागली. किटल्या ओळीत, माणसं ओळीत, आणि प्रत्येकाच्या फोनवर मी. दिग्विजयराव, तेवढा एक क्षण मला जे वाटलं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. मी तोंडभर हसलो. माझ्या समोर जो माणूस किटली घेऊन उभा होता तो दत्तोबांचा भाचा निघाला. तो अजून माझ्याकडं दूध घालत नाही, पलीकडच्या डेअरीला जातो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच घडवलंत. दत्तोबांना जे लावलं तेच आमच्या म्हाताऱ्यालाही लावा, असं लोक दोनच दिवसांत तुम्हाला सांगायला लागले. कारण आपल्याकडं दुःखातही कुणी शेजाऱ्याच्या मागं राहत नाही. इंदापूर काय, बारामती काय, सकाळी स्टेटस उघडलं की माझी बोटं. धून कुणाची, हे कुणी विचारलं नाही. मी गिटार पाठीला लावून मोटरसायकलवर निघालो की वाटेत लोक गाडी थांबवून विचारायचे, कोण गेलं. साडूच्या मुलीच्या बारशाला मी हौसेनं 'कालवड' सुरू केली, पुढं उड्या येणार आहेत म्हणून, तर बायकांनी पाळणा उचलून आतल्या खोलीत नेला. सासूबाई माझ्याशी नंतर बोलल्या, पण त्या दिवशी नाही.

तरी माझी आशा बघा. दत्तोबांच्या घरच्यांनी तुमच्याकडून माझं नाव काढून मला दशक्रियेला वाजवायला बोलावलं. म्हटलं चला, निदान हितं तरी माणसं बसून असतात, उठून जाता येत नाही. पळसदेवला धरणाच्या पाण्याच्या कडेला मांडव, उन्हं चढलेली, पुढाऱ्यांची भाषणं. प्रत्येकानं दत्तोबांच्या नावानं सुरुवात करून स्वतःच्या नावानं शेवट केला. मग माझी पाळी आली. मी सुरू केलं. माणसं गप्प झाली, खरंच गप्प. बायकांनी डोळ्याला पदर लावले. आता पुढचा भाग येणार होता आणि एवढ्या माणसांसमोर तो पहिल्यांदाच येणार होता. आणि जिथं तुम्ही कात्री लावली होती, बरोबर तिथं, सगळा मांडव हात जोडून उभा राहिला. त्यांच्या लेखी ती तिथंच संपत होती. मी रेटून पुढं वाजवत राहिलो. दोन उड्या झाल्या असतील नसतील, एका म्हाताऱ्या पाहुण्यानं पुढं होऊन तारांवर हात ठेवला. "बास पाव्हणं, झालं की." मी म्हणालो, अजून आहे. ते मायेनंच म्हणाले, "आनि कशाला? एवढ्यात आलं की समदं."

एवढं होऊनही मी बाजार चुकवला नाही. तापात वाजवलं, ऊसतोडीत वाजवलं, आणि गेल्या बाजारी वर्ष पुरं केलं. पैज पुरी झाली. खड्ड्यातून वर आलो, हात धुतले, रेश्माला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं, आता खड्डा भरून घ्या, मका कापायला आलाय. मला वाटलं संपलं. पण तुम्हाला माझं कौतुक करायचं होतं.

तुम्ही मला न विचारता अभिनंदनाचा व्हिडिओ केलात. फोटो कुठला, तर माझ्या आधार कार्डावरचा, ज्यात मी आधीच गेल्यासारखा दिसतो. वरून पाकळ्या, कारण त्या तुमच्या कॉम्प्युटरवर तयारच असतात. आणि मागं धून कुठली? माझीच. कौतुक माझं, मग धून दुसऱ्याची कशी लावणार, हा तुमचा हिशोब. 'हार्दिक अभिनंदन' ही अक्षरं शेवटाला, सोनेरी रंगात, पिवळ्या पाकळ्यांवर. नावामागं श्री. लावलं होतं, कै. लावलं नव्हतं, एवढे तुमचे उपकार. पण आपल्याकडं स्टेटस कोण वाचतो? फोटो बघतात, सूर ऐकतात आणि चपला घालतात.

सर्वांत आधी शेजारच्या बानूबाई आल्या, पदर तोंडाला लावून, उंबऱ्यापासूनच. मी दाढीचा साबण तोंडाला लावून न्हाणीतून बाहेर आलो. त्या मटकन खाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि मग माझ्यावरच भडकल्या. "आदी सांगायचं न्हाय व्हय? भाकरी तव्यावर टाकून आले मी." त्यानंतर गर्दी वाढत गेली. कळंबहून रेश्माच्या माहेरचे जीप करून आले. रेश्मानं दिवसभर एकीकडं चहाचं पातेलं हलवत दुसरीकडं आपल्या कपाळाचं कुंकू दाखवून लोकांची समजूत काढली. डेअरीचे चेअरमन विजयसिंह अंगणात उभे राहून चारचौघांना सांगत होते की असा कलाकार तालुक्यात पुन्हा व्हायचा नाही. ते मी दाराआडून ऐकलं. (लगेच बाहेर आलो नाही. माझ्याबद्दल कुणी इतकं सलग बोलताना मी प्रथमच ऐकत होतो.) मग बाहेर आलो, तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, बरं झालं, फॅटचं मशिन आकडे चुकीचे दाखवतंय, संध्याकाळी बघून घ्या.

मेलेल्या युवराजच्या गिटारचं कौतुक होतं. जिता युवराज आल्यावर सगळे दुधाच्या दरावर आले आणि चहा पिऊन गेले. जाताना दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर मला चक्क फसवलं गेल्याचा भाव दिसला. आबा अंगणात बाजेवर बसून होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, कुणी फोन काढून त्यांना ते स्टेटस दाखवायचा, आणि ते बघायचे.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर मी चॅनेल पुसलं. फोनमधलं सगळं पुसलं. वर्षभराचं, एकूणएक. मग तुम्हाला ब्लॉक केलं. मला त्याचं वाईट वाटत नाही, असं मी रेश्माला सांगितलंय आणि तुम्हालाही सांगतो.

तेव्हा यापुढं माझी धून कुणाच्याही मयतीला, कितीही मोठा माणूस असो, लावायची नाही. माझा फोटो तुमच्या कॉम्प्युटरमधून काढायचा. माझ्या दारात यायचं नाही, आणि मी खरोखर गेलो तर व्हिडिओ दुसऱ्या दुकानातून करून घेण्याची सूचना मी घरी देऊन ठेवलीय. आपला संबंध इथं संपला.

आईंना पुन्हा नमस्कार आणि वहिनींना रामराम कळवा. तुम्हाला काही नाही.

आपला कुणी नसलेला,
युवराज

ता. क. : वहिनींना भाजणी पाहिजे होती, ती रेश्मानं टँकरवाल्याकडं दिलीय. ती माझ्याकडून नाही, रेश्माकडून आहे. डबा परत पाठवावा.

आणखी ता. क. : दिग्या, पाकीट चिकटवून परत फोडलंय. त्या दिवशी सगळे गेल्यावर आबांनी मला बाजेजवळ बोलावलं. म्हणाले, "ते दत्तोबाला लावल्यालं, ते तू वाजवलंयस व्हय? मला वाटलं कंपनीचं हाय." मी हो म्हणालो. मग म्हणाले, "माज्या टायमाला बी तेच लावा. पर ते अर्धंच हाय व्हय रं? पुडं काय हुतं? आत्ताच ऐकीव. तवा मला कुठं ऐकाय येनार." मी गिटार काढून त्यांच्यासमोर बसलो. तू कापलंस तिथपर्यंत नीट वाजलं. तिथं हात थांबला. परत पहिल्यापासून धरलं, परत तिथंच. दिग्या, पुढचं मी एकदाच पुरं वाजवलं होतं खड्ड्यात आणि एकदा पळसदेवला दोन उड्या. आणि तुझी अर्ध्या मिनिटाची मी तेव्हापासून रोज सगळ्या गावाच्या फोनवर ऐकलीय. आता माझ्याही डोक्यात तेवढीच उरलीय. आबा वाट बघत बसले होते. पाणी बघायला गेले नाहीत. ते उठलेच नाहीत, मीच उठलो. म्हणालो, उद्या ऐकवतो. रोज सकाळी काठी टेकत येतात आणि विचारतात. मी तुला सगळी पाठवली होती, कापायच्या आधीची. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये कुठंतरी असेल. शोध. टँकरवाला संध्याकाळी परत फिरतो, तो दुकानासमोर थांबेल, पेन ड्राइव्हमध्ये घालून त्याच्याकडं दे. तुझ्या सवडीनं नको, आजच दे.

शेवटचा ता. क. : नसली तर तसं सरळ कळव. आबांना सांगतो, ती तेवढीच आहे.